जावयाचा हरभरा

इंदूबाईनं हरणांसाठी हरभरा पेरला, ही बातमी तिच्या हाताची माती धुऊन व्हायच्या आत गावभर झाली. नेली हाजराबीनं. हाजराबीचं घर पांदणीच्या पलीकडे, पण तिची जीभ दोन्हीकडे नांदायची. ती बकऱ्या घेऊन निघाली होती, आणि इंदूबाई घरापुढच्या तुकड्यात उकिडवी बसून, खुरप्यानं माती उकरून भिजवलेला हरभरा टोबत होती.

"इतका हरभरा काहून वं इंदूबाई? खानेवाले तं तुमी दोघंच."

इंदूबाईला खोटं बोलायचा कंटाळा. खोटं लक्षात ठेवावं लागतं.

"हरणांसाठी."

हाजराबी थांबली. तिच्या बकऱ्याही थांबल्या.

"हरणं म्हणजे ते चार पायाचे?"

"नाई, दोन पायाचे. तुया मोहल्ल्यातले."

एवढं पुरे होतं. नांदगाव खंडेश्वरच्या त्या पट्ट्यात हरीण म्हणजे काय, ते ज्याचं वावर आहे त्याला विचारावं. शहरातली माणसं रस्त्याकडेला गाडी थांबवून ज्याचे फोटो काढतात ते हरीण वेगळं. इथलं हरीण म्हणजे न बोलावता येणारा, पहिल्या पंगतीला बसणारा आणि खाण्यापेक्षा तुडवून जास्त जाणारा पाहुणा. त्याला हाकलायला कोणी डबे वाजवतं, कोणी न्हाव्याकडचे केस आणून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतं, आणि घरोघरच्या बाया जुन्या साड्या काढून वावराभोवती बांधतात. वाऱ्यानं साडी फडफडली की कळप थबकतो आणि मागं फिरतो. दिवाळीनंतर एसटीतून जाणाऱ्याला वाटावं, सगळ्या तालुक्यानं एकाच दिवशी धुणं वाळत घातलं. अशा गावात ही बाई हरणांना जेवायला घालणार! आणि बाई तरी कोण? हरणं हाकलण्यात नाव कमावलेल्या बुधाजीची बायको.

संध्याकाळी खुशालराव आले. त्यांचं वावर लागूनच.

"वयनी, हे काय आयकून राह्यलो मी?"

"काय आयकलं ते तुमीच सांगा. तुमचे कान काही मले लावले नाई."

"हरणाले जेवाले बोलावून राह्यल्या म्हने तुमी."

"मंग? तुमच्या घरी तं नाई ना पाठवलं."

"अवो, पन आमचं वावर हाय ना धुऱ्याले धुरा! ते इथं खातीन अन तोंड पुसाले आमच्याकडे येतीन."

"खुशालराव, आजवर ते तुमच्या वावरात गेले, ते काय मले इचारून गेले? इथं पोट भरलं तं तिकडं कशाले जातीन? भरल्या पोटाचं जनावर दुसऱ्याच्या दारात जात नाई. तसा माणूसच जाते. बसा, चहा ठेवतो."

खुशालराव नुकताच हाजराबीच्या घरचा चहा पिऊन आले होते. त्यांनी मिशा पुसल्या आणि बसले.

हे सगळं बोलणं ओसरीतल्या खाटेवर पडून बुधाजी ऐकत होते. निदान ऐकत असतील, असं इंदूबाई धरून चालली होती. कारण ते काही म्हणाले नाहीत. खुशालरावांनी जाता जाता विचारलं, "काय बुधाजी, बरं हाय ना?" तेव्हा बुधाजी म्हणाले, "हूं."

हा हूंच इंदूबाईच्या छातीवर बसला होता.

बुधाजीसारखा जागल्या त्या शिवारात झाला नाही. पीक उभं राहिलं की यांचा मुक्काम मचाणावर. बाकीचे डबे बडवायचे, फटाके फोडायचे. बुधाजीला नुसतं तोंड पुरायचं. आणि तेही शिवीगाळ नाही, नात्यानं बोलायचे. कळपातला जो काळाभोर, पिळाच्या शिंगांचा नर असायचा, त्याला ते जावई म्हणायचे. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या गवतातून तो मान वर करून निघाला की मचाणावरून हाक जायची, "या जावईबापू, या! मांगच्या खेपेले काय कमी पडलं होतं? एक पोरगी नाई मले, अन जावई पाहा कितीक!" तो आवाज पार पांदणीपर्यंत यायचा. शेजारपाजारची माणसं अंथरुणात हसायची. सकाळी घरी येऊन चहा पिता पिता बुधाजी सगळी हकीकत सांगायचे, आज जावई रुसला, आज त्याच्या बाया पुढं आल्या आणि हा मागं लपला.

"तुमी राखाले जाता का भांडाले?" इंदूबाई म्हणायची.

"भांडल्याबिगर राखण होते का?" बुधाजी म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यात ते धुऱ्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अमरावतीच्या दवाखान्यात आत रॉड टाकला. ते तिकडे पडून होते तेव्हा संघपालनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका पोरानं, वावराला झटका मशीन बसवलं. संघपाल अमरावतीला सरकारी नोकरीत, मायबापावर जीव असलेला, फक्त जीव दाखवायचा म्हणजे काहीतरी मशीन आणायचं एवढंच त्याला ठाऊक. सोलरची पाटी, तारा, हात लावला की सणका. बाप घरी आला तेव्हा त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "बाबा, आता जागलीची गरजच नाई. तुमी आराम करा."

"बरं केलं," बुधाजी म्हणाले. आणि त्यानंतर जे गप झाले ते झाले.

डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज उठा, वॉकर धरून चाला. हाड जुळलंय, आता भीती फक्त खाटेची. थंडी संपेपर्यंत नाही उठले तर पुढं उठणं होणार नाही. तो वॉकर खाटेशेजारी उभा होता, आणि त्यावर इंदूबाईचा टॉवेल वाळत होता. तिनं गोडीनं सांगून पाहिलं. गोडी तिला जमत नाही. शिव्या देऊन पाहिल्या. बुधाजी हूं म्हणायचे. भाकर जाड झाली तरी हूं. एक दिवस तिनं मुद्दाम वरणात मीठच टाकलं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात मिठाच्या चिमटीवरून ताट सरकवलं, त्यानं ते अळणी वरण मुकाट्यानं खाल्लं, हात धुतले आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा इंदूबाई घाबरली.

दिवाळीला संघपालची पोरगी पिंकी आली. ती अकोल्याला शेतकी शिकते. एकदा ओसरीत बसून मोबाईल पाहत होती.

"आजी, हे पाय. बर्फाच्या देशातले लोक हरणांसाठी वेगळं वावर पेरतात."

इंदूबाईनं पाहिलं. लाल गालांचा, टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस यंत्रानं जमीन उकरत होता.

"याले घरी बायको नाई का कामं सांगाले? काय पेरते?"

"सलगम. अन बरसीमसारखं गवत. थंडीत त्यायले खायाले काही नसते ना."

"मंग येतात?"

"येतात ना. बर्फातून वास घेत घेत येतात."

"मंग?"

पिंकीनं बोट फिरवलं, थोडं पुढं पाहिलं. "मंग मारतात बंदुकीनं."

"जेवाले बोलावून?"

"हो."

"ठेव तो मोबाईल! पानावर बसलेल्याले मारते म्हने. राक्षस कुठचा! अन तोंड पाहा, साळसूद."

मोबाईल बंद झाला. पण पिंकी गेली तरी एक गोष्ट इंदूबाईच्या डोक्यात राहून गेली. पेरलं की येतात. तिनं भिंतीकडे तोंड करून पडलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. बुढ्याला भांडायला कोणीतरी पाहिजे, हे तिला कधीचं कळलं होतं. ते कोणीतरी म्हणजे आपण नाही, हे आता कळलं. उभा जन्म संसार करून शेवटी सवत निघाली, ती पण चार पायांची!

बरं, आता करायचं काय? झटका मशीनमुळं वावराकडे हरीण फिरकेना. पण घर आणि ई-क्लासचं गवत यांच्या मधला तो तुकडा तारेबाहेर होता. बरोबर खाटेसमोर. तिथं हरभरा उगवला, हरणं आली, तर हा माणूस पडून राहणार नाही. शिवी द्यायला का होईना, उठेल. गावाला तिनं अर्धंच कारण सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायचं म्हणजे, माझ्या नवऱ्याला भांडायला मिळावं म्हणून पेरते, असं सांगायचं. त्यापेक्षा लोकांनी येडी म्हटलेलं बरं.

हरभरा उगवला, कडेनं टाकलेली मेथीही उगवली. इंदूबाई घागरीनं पाणी घालायची. लेकरासारखा तो तुकडा तिनं वाढवला, आणि एके दिवशी दुपारी पाहते तर कोपरा साफ. मधोमध हाजराबीची पांढरी बकरी, तोंड हलवत.

"हाजराबी! तुयी बकरी तुयावानीच हाय. आवतन नसलं तरी हजर!"

"वा वा! जंगल के हिरन को दावत, अन शेजाऱ्याच्या बकरीले काठी? ये कौनसा इन्साफ है इंदूबाई?"

"बकरीत पाह्यासारखं काय असते?"

"मेरी शबनम को ऐसा मत बोल हां! उसकी आँखें देख, सुरमा लगाए जैसी."

"सुरमा लाव, काजय लाव, पन खुंट्याले बांध."

शबनम खुंट्याला राहणारी नव्हती. तेव्हा इंदूबाई घरात गेली आणि ट्रंक उघडली. पेरलं की साड्या बांधायच्या, हे तिच्या हातात इतकं मुरलेलं होतं की डोक्याला विचारायची गरजच पडली नाही. तिनं काड्या रोवल्या आणि एकेक साडी ओढून बांधत गेली. बुद्धवंदनेला नेसायची पांढरी तेवढी बाजूला ठेवली. पिंकीच्या बारशाची हिरवी, बिनकाठाची करडी, विटलेली निळी, सगळ्या लागल्या, तरी शेवटचा कोपरा उघडा राहिला. मग ट्रंकेच्या तळातून तिनं जांभळी काढली. जांभळ्या अंगावर ताटाएवढाली पिवळी फुलं. संघपाल पाळण्यात होता तेव्हा बुधाजी अमरावतीहून मोठ्या हौसेनं घेऊन आले होते. इंदूबाईनं ती उलगडून पाहिली होती आणि म्हणाली होती, "हे लुगडं हाय का बैलाची झूल?" पुढं एकदा त्यांनी विचारलं तेव्हा फाटली म्हणून सांगितलं, आणि विषय संपला होता. आता ती झूल कोपऱ्यात लागली.

बकऱ्या थांबल्या. हरणंही आली नाहीत.

रोज सकाळी इंदूबाई मातीत खूर शोधायची. तिच्याच पावलांशिवाय काही नसायचं. कळप दिसायचा, ई-क्लासच्या गवतात. पुढं पुढं यायचा, मान वर करून पाहायचा आणि वळायचा. तिनं कारणं शोधली. खुशालरावांनी फटाका फोडला असेल. शबनमचा वास लागला असेल. मग तिनं कुत्र्याला मागल्या दारी बांधलं, रेडिओ बंद केला, सकाळचा खोकलासुद्धा पदरात दाबून खोकायला लागली. खुशालराव रोज येऊन त्या साड्यांशेजारी उभे राहून चिडवायचे, "काय वयनी, पाहुणे नाई आले वाट्टे? पत्रिका नाई भेटली काय त्यायले?" त्यांच्याही ध्यानात काही आलं नाही. सगळ्यांच्याच वावराला साड्या. ज्याच्या त्याच्या डोळ्याला त्या धुऱ्यासारख्याच झालेल्या.

एक मात्र झालं होतं. बुधाजीनं भिंतीकडचं तोंड वळवलं होतं. दिवसभर त्या हिरव्या तुकड्याकडे पाहत पडून राहायचे. बोलत नव्हते.

अशात इतवारी संघपाल आला. बापाचे पाय पाहिले, टॉवेल घातलेला वॉकर पाहिला आणि माजघरात येऊन हळूच म्हणाला, "माय, असं नाई चालत. तुमाले दोघायले अमरावतीले नेतो. तिथं रोज घरी येऊन चालवणारा माणूस भेटते. पुढच्या इतवारी गाडी घेऊन येतो."

"तुया तिसऱ्या माळ्यावर?"

"लिफ्ट हाय ना."

"लिफ्टात हरभरा उगवते का?"

"माय, बाबाले इचार."

बाबाला विचारलं. बाबा म्हणाले, "हूं."

इंदूबाई पोराला काही बोलली नाही. त्याचं चुकत नव्हतं, आणि चूक नसलेल्या माणसाला बोलता येत नाही, हीच मोठी अडचण. पण तिला पक्कं ठाऊक होतं, इथं ज्याला समोर शिवार दिसूनही उठावंसं वाटत नाही, तो तिसऱ्या माळ्यावरच्या खिडकीतून काय पाहून उठणार? गाडीत घालून नेलेला हा माणूस पुन्हा या ओसरीत पायानं येणार नाही.

त्या आठवड्यात एका सकाळी तिचा धीर सुटला. कळप पुन्हा गवताच्या कडेपर्यंत येऊन थांबला होता. तो काळा नर पुढं, मान ताठ. इंदूबाई हरभऱ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागली.

"अरे या ना रे! ये ना रे मुडद्या! तुयासाठी पेरलं, घागरीनं पानी घातलं, कंबर मोडली माही. जनमभर न बोलावता आले अन आता बोलावून राह्यली तं नखरे! या ना बाप्पा!"

नरानं ऐकलं, वळला आणि सगळा कळप घेऊन उड्या मारत गेला.

"इंदू."

आवाज घोगरा होता, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. इंदूबाई गर्रकन वळली. खाटेवर बुधाजी कोपरावर टेकून अर्धे उठले होते.

"ते जांभयं लुगडं कोनाचं व्हय?"

इंदूबाईनं कोपऱ्याकडे पाहिलं. पिवळी फुलं वाऱ्यावर नाचत होती.

"माह्यंच."

"फाटलं म्हने ना तू?"

"फाटलंच होतं. सांधलं."

"कुठं सांधलं, दाखव. कवाचं पाहून राह्यलो मी, धडधाकट दिसते. फाटलं म्हने! संघपालच्या पायन्याइतकं जुनं झूट!"

"एवढे दिवस पाहून राह्यले होते तं बोलता येत नव्हतं? डाक्टरनं तोंडातबी रॉड टाकला का?"

"थांब," बुधाजी म्हणाले. त्यांचे खांदे हलायला लागले होते. "तू आता हरणं बोलावून राह्यली होती का हाकलून?"

"बोलावून! दिसलं नाई का?"

"साड्या बांधून?"

इंदूबाईनं बारशाच्या हिरवीपासून जांभळीपर्यंत एकेक साडी पाहिली.

"मले वाटलं, तू भाजीसाठी पेरलं अन खुशालरावाले उगीच चिडवून राह्यली." बुधाजीला हसू आवरेना. "अवं येडे, जनमभर त्याच साड्या दाखवून पयवलं आपन त्यायले. अन तू जेवाले बोलावून त्याच साड्यायचा मांडव घातला! जावयाले काय वाटीन? सासू दारात काठी घेऊन उभी हाय!"

ते हसत राहिले, हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. इंदूबाई तिथंच उभी होती. रागानं तिचे कान लाल झाले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं मातीच्या हातानं पुसलं, म्हणून तोंड आणखीच बरबटलं.

त्या दिवसापासून बुधाजीचा हुकूम सुरू झाला. साड्या काढ, पण आताच काढ. काड्याही उपट, एक ठेवू नको. सकाळी घागर वाजवू नको. चूल मागं मांड. दुपारच्या जेवणात त्यांनी वरणाचा घास घेतला आणि थांबले.

"मीठ बरोबर हाय आज. त्या दिवशी कावून नव्हतं?"

"मंग तई जीभ कुठं गेलती?"

"मले वाटलं, तू इसरत चालली. म्हातारी झाली. बोलून कावून दुखवा?"

इंदूबाईनं त्यांच्या ताटात आणखी एक भाकर आदळली.

काढलेल्या साड्या तिनं वाया जाऊ दिल्या नाहीत. खुशालरावांच्या धुऱ्यानं सगळ्या बांधून दिल्या. "घ्या," ती म्हणाली, "आता तुमच्याकडे तोंड पुसाले कोनी येनार नाई. आलाच तं पदर हाय तिथं." खुशालराव हसले, आणि शेवटची साडी त्यांनी स्वतः बांधली. जांभळी मात्र तिनं घरी नेली आणि धुतली.

राहिली शबनम. त्यासाठी हाजराबीच्या दारात जाणं आलं, आणि इंदूबाई कोणाच्या दारात काही मागायला जात नाही, हे सगळ्या गावाला माहीत. ती गेली आणि चौकटीत उभी राहिली.

"इतवारपर्यंत बकरीले बांधून ठेव."

"काहून?"

इंदूबाईनं पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "बुढा बोलला आज."

हाजराबीच्या हातातलं सूप खाली आलं. "बोला? या अल्ला! क्या बोला?"

"मले येडी म्हनलं."

"मुबारक हो," हाजराबी म्हणाली आणि ओढणीनं डोळे पुसले. मग उठून तिनं शबनमला दुहेरी दाव्यानं बांधलं. शबनम ओरडली तेव्हा म्हणाली, "चूप! मियाँ-बीवी का मामला है."

दुसऱ्या दिवशी मातीत खूर उमटले. कडेकडेनं, भीत भीत. थोडी मेथी खुडलेली. बुधाजीनं खाटेवरूनच विचारलं, खूर केवढा, टोक कुठं. इंदूबाईनं बोटानं मापून सांगितलं. "बाया हाय त्या," बुधाजी म्हणाले. "आधी बायायले पाठवते तो. डरपोक लेकाचा. येईन, तोबी येईन." पण बोलणं खाटेवरूनच चाललं होतं. वॉकरवर टॉवेल तसाच. इतवार जवळ येत होता आणि बुधाजीनं उठायचं नाव काढलं नव्हतं. एकदा तिनं वॉकर पुढं सरकवला तर म्हणाले, "राहू दे. पाय नाई आयकत." आणि डोळे मिटून घेतले. इंदूबाईनं वॉकर पुन्हा जागेवर ठेवला.

इतवार उजाडला. धुई पडली होती, ई-क्लासचं गवत दिसत नव्हतं. संघपाल येणार म्हणून इंदूबाई लवकर आंघोळ करून तयार झाली आणि जांभळी नेसली. बाकीच्या धुऱ्यावर आहेत, म्हणून नेसली. असं तिनं स्वतःला सांगितलं. बुधाजीनं पाहिलं आणि म्हणाले, "फाटलेली बरी दिसते." तिनं त्यांना चहा दिला, स्वतःचा कप घेऊन ओसरीच्या पायरीवर बसली आणि मनात विचार करायला लागली की पोराला काय सांगायचं.

धुईतून आधी एक मादी निघाली. मग दुसरी. त्यांच्या मागून आणखी. अंगावर दव, कान हलत. हरभऱ्यात शिरल्या आणि माना खाली घातल्या. आणि मग तो आला, काळाभोर, पोट पांढरंशुभ्र, शिंगं पिळदार, पावलं अशी टाकत जशी जमीन याच्या बापानं लिहून दिली.

इंदूबाई उठायला गेली.

"बस!" मागून बुधाजी दबक्या आवाजात म्हणाले. "हालू नको. ती साडी ओळखते ते."

ती बसली. हातात चहाचा कप, पदराचं टोक मांडीखाली दाबलेलं, श्वाससुद्धा बेतानं. जिला जन्मात कोणी जागेवर बसवू शकलं नाही, ती साडीच्या फुलांसकट दगड होऊन बसली. मान वळवायचीही सोय नव्हती. म्हणून पुढचं तिनं कानानंच पाहिलं. खाट करकरली. टॉवेल ओढून काढल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही, फक्त बुधाजीचा धापणारा श्वास. आणि मग वॉकरचे रबरी पाय ओसरीच्या फरशीवर टेकले. थांबले. पुन्हा टेकले.

पडतीन, इंदूबाईच्या मनात आलं. पडले तर? धरायला जावं तर हरणं पळतात, आणि हरणं पळाली तर हा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करतो. तिनं कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. वॉकर तिच्या खांद्याजवळून गेला. धोतराचा काठ तिच्या हाताला लागला. मग तिला बुधाजीची पाठ दिसली, वाळलेली, थरथरती, आणि उभी.

ओसरीच्या टोकाला ते थांबले. नरानं मान वर केली. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. आता हाक जाईल, इंदूबाईला वाटलं, पांदणीपर्यंत जाईल, हाजराबीला ऐकू येईल. बुधाजीनं छाती भरून घेतली.

"घ्या जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले. "सावकाश."

नरानं मान खाली घातली आणि खायला लागला. इंदूबाईचा चहा थंड झाला. तिच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, तिनं हाकलली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, पण पांदणीत गाडी वाजली. संघपालला लांबूनच हॉर्न द्यायची सवय, मायला कळावं म्हणून. सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि पापणी लवायच्या आत तो तुकडा रिकामा झाला. धुईत नुसत्या उड्या दिसल्या आणि विरल्या.

"अबे!" बुधाजी ओरडले. तोच आवाज, मचाणावरचा, भरलेला, पार पांदणीच्या पलीकडे जाणारा. "अबे बंद कर ती गाडी! जेवून राह्यले होते ना ते! पाह्याच्या आधी पोंगा वाजवते, तमीज हाय का नाई? कोनं शिकवलं रे तुले?"

पांदणीपलीकडे हाजराबीचं दार धाडकन उघडलं. गाडी बंद झाली. संघपाल दार उघडून उतरला आणि उघड्या दाराला धरून तसाच उभा राहिला. बाप समोर उभा होता.

इंदूबाईनं थंड चहा अंगणात फेकला. गुडघ्यावर हात ठेवून उठली, मुंग्या आलेला पाय झटकला आणि पदर सारखा केला.

"पाहून काय राह्यला?" ती पोराला म्हणाली. "आत ये, चहा पे, अन रिकामी गाडी घेऊन वापस जा. आमाले टाईम नाई."

मग ती बुधाजीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धरलं नाही. नुसती उभी राहिली, पडले तर अंगावर पडावेत इतक्या अंतरावर. बुधाजीचे पाय लटपटत होते, पण नजर धुईत होती.

"उद्या ही साडी नेसू नको," ते म्हणाले.

"नेसन. माही साडी हाय."

"मंग तो कसा येईन?"

"येईन," इंदूबाई म्हणाली. "होईन त्याले सासूची सवय."